आठाला सहा, तर बाराला किती?

आमच्या घरात गणित फक्त मला येतं, असं माझ्या लग्नातच ठरलं आहे.

झालं असं की, शिरड शहापूरची ही मंडळी मला बघायला हिंगोलीला आली, तेव्हा माझ्या वडिलांकडं माझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. स्वयंपाकाचा विषय त्यांनी शहाणपणानं टाळला. शिवणटिपण मला येत नव्हतं. गळा असा की आरती म्हटली तर शेजारी भांडायला यायचे. शेवटी त्यांनी घसा खाकरून सांगितलं, "पोरीला दहावीला गणितात लई चांगले मार्क आहेत." झालं! पोह्यांकडं दुर्लक्ष करून (ते करण्यासारखेच होते) सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्या दिवसापासून आकड्यांचा कारभार माझ्याकडं आला. पंगतीला तांदूळ किती लागतील, एसटी चुकली तर पुढची कधी, टाकीत पाणी किती उरलं असंल, सगळं मलाच विचारतात. मीही ठसक्यात सांगते. तांदूळ कधी उरतात, कधी पुरत नाहीत, पण माझ्या गणितावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. मीसुद्धा नाही.

आमची वैष्णवी, म्हणजे वैशू, गावातल्याच शाळेत सातवीला आहे. यंदा पावसाळ्यात तिच्या गुरुजींनी वर्गात जाहीर केलं की औंढ्याला तालुक्याची गणिताची स्पर्धा आहे आणि शाळेतून एकच लेकरू जाणार. दहा गणितं घरी सोडवायला दिली. शनिवारी वह्या बघणार, आणि एक जरी चुकलं तरी नाव कटणार! वैशूच्या अंगात औंढा संचारला. एवढं काही ते लांब नाही, वर्षातून चारदा आम्ही दर्शनाला जातो. पण तिथं स्टेजवर उभं राहून माईकमध्ये उत्तर द्यायचं असतं, हे तिच्या कानावर आलं होतं. तिनं गणवेश धुऊन, घडी घालून गादीखाली दाबून ठेवला आणि त्या गादीवर कुणाला बसू देईना. आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) फरशीवर सतरंजी टाकून जप करायला लागल्या.

पोरीनं रविवारी सकाळीच दहाच्या दहा गणितं सोडवली. एकटीनं. कुणाला काही विचारलं नाही. मग वही घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, दहावं तेवढं बराबर आहे का बघ."

इथं मी नुसतं "आहे" म्हणाले असते, तर पुढचा सगळा आठवडा आमच्या घरात माणसांसारखा गेला असता. पण विचारणारं लेकरू आणि सांगणारी मी! मी लाटणं तसंच हातात धरून वाचलं. 'आठ मजूर एका शेताची खुरपणी सहा दिवसांत करतात, तर बारा मजूर तेवढ्याच शेताची खुरपणी किती दिवसांत करतील?' खाली वैशूनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, चार दिवस.

"चूक!" मी म्हणाले.

"काहून?"

"अगं, आठाला सहा, तर बाराला किती? बारा सक बहात्तर, भागिले आठ. आठ नवे बहात्तर. नऊ दिवस!"

"पण आई, माणसं वाढली की दिवस कमी होतेत ना?"

मला आत कुठंतरी टोचलं, खोटं कशाला बोलू! पण हातात लाटणं असताना माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

"तुझ्या पुस्तकात होत असतील," मी म्हणाले. "दहावीला मार्क कुणाला होते? तुला का मला?"

"मी तर अजून सातवीला आहे."

"तेच म्हणते मी!"

तेवढ्यात बाहेरच्या बाजेवरून सासऱ्यांचा आवाज आला. त्यांना मी मामा म्हणते. मामांनी उभी हयात मजुरांकडून शेती करून घेण्यात घातली आहे, म्हणजे बांधावर उभं राहून.

"सूनबाई बराबर सांगून राहिली. आठ बाया असल्या की काम करतेत. बारा झाल्या की गप्पा मारतेत. नऊ दिवस तर कमीच झाले!"

(पुरुष खुरपायला बसतच नाहीत, त्यामुळं त्यांच्या गप्पांनी किती दिवस वाढतात हे अजून कुणी मोजलेलं नाही.)

एरवी मामांचं माझं कधी पटत नाही. पण त्या दिवशी ते मला एकदम विद्वान वाटले.

इतक्यात आमचे हे आंघोळ करून आले. ह्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळं शेतीतलं आपल्याला सगळं कळतं असं ह्यांना वाटतं. वही बघून म्हणाले, "चारच बराबर आहे." मी नुसतं बघितलं. लगेच म्हणाले, "म्हणजे, चार. पण मधी बाजार येतो ना! बाजाराच्या दिवशी कोण येतं खुरपायला? पाच लिही."

"आन् आमुशा?" अमावास्या आठवून आत्याबाईंनी जपमाळ थांबवली. "आमुशाला आपल्या वावरात खुरपं लागत न्हाई. सहा लिही लेकरा."

"आज्जी, गणितात बाजार नसतो! आमुशा पण नसती!"

"बाजार न्हाई असं कोणतं गाव हाय?" आत्याबाईंना खरंच वाईट वाटलं. "मग त्या बाया मिरच्या कुठून आणतेत?"

एका गणिताला आता आमच्या घरात चार उत्तरं झाली होती. घरात लोकशाही असल्यामुळं ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर निवडून आलं. आवाज माझा मोठा आहे. वैशूनं ओठ घट्ट मिटून चार खोडले आणि नऊ लिहिले. खोडताना कागदाला भोक पडता पडता राहिलं.

"चुकलं तर माझं नाव कटंल, आई."

"कटत नाही. मी आहे ना!"

एवढ्यावर भागलं असतं. पण मामा मध्येच बाजेवर उठून बसले. "आरं, नाल्याच्या अलीकडचं वावर मागच्या हप्त्यात आठ बायांनी सहा दिवसांतच खुरपलं की! गुरुजी त्याच वाटेनं शाळेला जातेत. आपलंच गणित घातलं त्यांनी!"

"दादा, पुस्तकातलं गणित आहे ते," हे वडिलांना म्हणाले.

"पुस्तकवाला बी गेला असंल तिकडून."

आणि मला सुचलं. आजही वाटतं, सुचलं नसतं तर बरं झालं असतं! नाल्याच्या पलीकडचं वावर अगदी तेवढंच, त्यातही सोयाबीन, तणही तेवढंच माजलेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? "मामा, उद्यापासून बारा बाया सांगा," मी म्हणाले. "करूनच बघू!" मामांनी खूश होऊन तांड्यावर सोनाबाईला निरोप धाडला. सोनाबाई खुरपणीच्या बायांची टोळी घेऊन येते. वयानं आत्याबाईंच्या बरोबरीची, पण चालण्यात माझ्या दुप्पट.

सोमवारी सकाळी मी हातात पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, अशा थाटात प्रयोग बघायला वावरात गेले. बाया मोजल्या. अकरा!

"एकजण माहेरी गेली, वैनी," सोनाबाई म्हणाली. "अकराजणी करतो की."

"अजिबात नाही! गणितात बारा आहेत. अकरावर गणित कसं सुटंल?"

"मंग बारावी कुठून आणू आता?" मामांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझा आणि आमच्या वावराचा संबंध हुरडा खाण्यापुरता आणि बांधावर डबा पोचवण्यापुरता. कुणी खुरपं हातात दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. आता मात्र सोनाबाईनं आपलं जादा खुरपं माझ्या हातात ठेवलं आणि मला ओळीच्या मधोमध बसवलं. आमच्याकडं खुरपायला बाया एका ओळीत बसतात. प्रत्येकीला आपली पट्टी वाटून दिलेली असते, तिला पात म्हणतात. सगळ्याजणी बरोबर पुढं सरकतात. एकटीनं पुढं पळायचं नाही आणि मागं पडलेलीला टाकून जायचं नाही. कुणी मागं राहिलीच तर शेजारणी हात लांबवून तिच्या पातीतलं तण काढतात. किती चांगली रीत! माझ्यासारखी ओळीत येऊन बसंल, हे ती रीत पाडणारीच्या स्वप्नातही आलं नसंल.

मी पहिलंच झाड उपटलं आणि विजयानं वर केलं.

"वैनी, ते सोयाबीन हाय," शेजारची कविता म्हणाली.

दुसरं उपटलं. तेही सोयाबीन होतं. तिसऱ्या वेळी मी विचारून घेतलं. तेव्हापासून मी प्रत्येक रोपट्याला हात लावून "हे काढू का?" विचारायची आणि अकराजणी माना वळवून बघायच्या. शेवटी कविताला दया आली आणि तिनं गुपचूप माझ्या पातीत हात घातला.

"ए! माझी पात माझी मीच काढणार," मी ओरडले. "प्रयोग आहे हा. कुणी कुणाला मदत करायची नाही!"

बिचारीनं हात मागं घेतला. आता मदत करायची बंदी, आणि मला टाकून पुढं जायचं तर मी पडले मालकाची सून! एकदा कविता सवयीनं चार हात पुढं सरकली, तर सोनाबाईनं तिथूनच हाक मारली, "ए पोरी, थांब! वैनी मागं हाय." मग सगळ्याजणी आपापली जागा साफ करून खुरपं मांडीवर ठेवायच्या आणि माझी वाट बघत बसायच्या. वाट बघत बसलेल्या बाया काय करणार? बोलायला लागल्या. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, सगळं निवांत निघालं.

"बघा!" मामा बांधावरून गरजले. "म्हणलं न्हवतं? बारा झाल्या की गप्पा!"

संध्याकाळी मला उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून उभं केलं आणि मी काटकोनातच घरी आले. ह्यांनी पाठीला बाम चोळता चोळता अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "दहावीला शेतीत किती मार्क होते गं?" मी पालथी होते म्हणून वाचले ते.

मंगळवारी माझ्या हाताला फोड आले. बुधवारी गुडघे संपावर गेले, तर मी पोत्यावर बसून, पोत्यासकट सरकत खुरपलं. रोज संध्याकाळी आत्याबाई म्हणायच्या, "मंगल, आता पुरे कर माय, कशाची तकलीफ घेऊन राहिलीस?" पण मी हटले नाही. आता प्रश्न वैशूच्या गणिताचा राहिला नव्हता, माझ्या दहावीचा होता!

गुरुवारी चौथा दिवस. उन्हं कलल्यावर वावर मोजायला मामा बांधावरून ढांगा टाकत गेले, ढांगा टाकत आले. रोजाची मजुरी आठवून त्यांचं तोंड कडू झालं होतं, पण हिशेब त्यांनी इमानदारीनं केला.

"चार दिवस झाले, वावर निम्मं बी झालं न्हाई. अशाच चालीनं चाललं तर..." त्यांनी बोटं मोजली. "नऊ दिवस!"

नऊ! मला उडी मारायची होती, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. म्हणून मी बसल्या जागी खुरपं वर करून नाचवलं. "वैशू! ए वैशू! बघ, नऊ! आईचंच बराबर!"

वैशू शाळेतून परस्पर तिथंच आली होती. तिनं वावराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दप्तर बांधावर टाकलं आणि ढसाढसा रडायला लागली.

"मला औंढ्याला जायचं होतं, आई!"

माझं खुरपं हवेतच राहिलं. स्वतःचं लेकरू रडून राहिलंय आणि आपण जिंकलो म्हणून खुरपं नाचवतोय, हे बघून मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली. चार दिवसांत मी तिच्या तोंडाकडं एकदासुद्धा नीट बघितलं नव्हतं.

"लेकरू काहून रडून राहिलं?" सोनाबाई लगबगीनं बांधावर आली. वैशूनं हुंदके देत सगळं सांगितलं. चार, नऊ, आमुशा, बाजार, सगळं. सोनाबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले आणि मग माझ्याजवळ येऊन बसली.

"वैनी, एक बोलू? राग न्हाई ना येणार?"

"बोला की."

"उद्या तुमी घरी आराम करा."

"आणि बारा कशा होणार?"

"न्हाई झालो तर न्हाई झालो," ती समजुतीनं म्हणाली. "बारा झाल्यापासूनच तर तकलीफ हाय."

शुक्रवारी मी घराच्या गच्चीवर बसले. आमच्या गच्चीवरून नाल्यापलीकडचं वावर स्वच्छ दिसतं. न दिसतं तर बरं झालं असतं. अकराजणींची ओळ सपासप पुढं सरकत होती. आम्ही दोन दिवसांत (म्हणजे मी असताना) केलं होतं, तेवढं त्यांनी एका दिवसात उरकलं आणि वर थोडं जास्तच. आणि गप्पा? त्या तर गुरुवारपेक्षा जोरात चालू होत्या! वाऱ्यावरून हसणं गच्चीपर्यंत येत होतं. विषय कोणता असावा, हे मी कुणाला विचारलं नाही. मामा बांधावर आभाळाकडं बघत उभे होते.

संध्याकाळी वैशू वही घेऊन आली. ह्यांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं. मामांनी पाय दुखतात म्हणून सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"आई, चार लिहू?"

मी भाजी चिरत होते. "लिही."

"नऊ खोडू?"

"खोड. हळू खोड, कागद फाटंल."

"कंसात बाजाराचा एक दिवस..." ह्यांनी मान वर केली.

"नाही!" वैशू आणि मी एकदमच ओरडलो.

आत्याबाई आमुशेबद्दल काहीतरी पुटपुटल्या, पण तोवर वैशूनं वही दप्तरात घालून दप्तर उशाला घेतलं होतं.

शनिवारी पोरगी शाळेतून धावतच आली. दहाच्या दहा बराबर! औंढ्याला तीच जाणार! तिनं येऊन मला जी मिठी मारली, त्यात माझी दुखरी पाठ पुन्हा कडाडली, पण मी तिला सोडलं नाही. गल्लीत साखर वाटली. शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, "होणारच! आईलाच गणित येतं म्हणल्यावर!" मी मान खाली घालून विनयानं हसले. नाही म्हणायचं राहून गेलं.

स्पर्धेच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. मोठा मांडव होता, गावोगावचे आईबाप दाटीवाटीनं बसले होते. मी चांगली पुढची जागा धरली. माझ्या शेजारी कळमनुरीकडून भाच्याला घेऊन आलेली एक बाई होती, बोलकी. लेखी फेरी झाली, त्यात वैशू टिकली. मग तोंडी फेरी. परीक्षकांनी माईकमधून विचारलं, "रोजच्या जगण्यातलं व्यस्त प्रमाणाचं एक उदाहरण द्या."

आधीच्या लेकरांनी मोटारीचा वेग सांगितला, नळाची तोटी सांगितली. वैशू माईकपुढं आली. गादीखाली दाबलेला गणवेश काय कडक दिसत होता! माझा ऊर भरून आला. मी तिला दिसावं म्हणून हात वर केला.

"व्यस्त प्रमाण म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी होतं," वैशूनं खणखणीत आवाजात सुरुवात केली. "शेतात बाया वाढल्या की दिवस कमी होतात. पण आमच्या शेतात आईला धरून बारा बाया होत्या, तर नऊ दिवस लागायला लागले. आई घरी बसली, तर अकराजणींनीच भराभर उरकलं. म्हणून आमच्या घरी आईची मदत जितकी वाढती, तितकं काम कमी होतं. हे व्यस्त प्रमाण आहे."

मी हात खाली घेतला.

मांडव हसून हसून लोळायच्या बेतात आला. परीक्षकांनी डोळे पुसत पुसत पैकीच्या पैकी मार्क दिले आणि टाळ्या काही थांबेनात. शेजारची बाई तर माझ्याच मांडीवर थापा मारून हसत होती.

"अगं माय! कुणाचं हो हे लेकरू? लई हुशार हाय! हिची आई कोण असंल? एकदा बघायलाच पाहिजे बाई!"

मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला आणि म्हणाले, "आली नसंल हो बिचारी. कोणत्या तोंडानं येईल?"